हिशेबापुरता आजारी

"बाबा, उद्या सकाळी तुम्हाला आजारी पडायचंय. जमेल?"

सूनबाईने हे इतक्या सहजपणे विचारले की सासूबाईंच्या हातातला चमचा बशीवर तसाच राहिला. बाबांनी मात्र शांतपणे वर्तमानपत्र खाली ठेवले, चष्मा काढला आणि विचारले, "किती आजारी?"

"बेताचेच. हिशेबापुरते."

सूनबाई तातडीच्या रुग्णवाहिका सेवेत हिशेबनीस होती. कचेरीत तिला सगळे दशांशबाई म्हणत, कारण दशांशचिन्हाच्या उजवीकडे काय आहे ते पाहिल्याशिवाय ती कुठल्याही कागदावर सही करत नसे. गावातून नदी वाहत होती. नदीच्या अलीकडे मोठे इस्पितळ, मुख्य केंद्र आणि त्याच्या चार रुग्णवाहिका. पुलापलीकडे एक छोटे केंद्र आणि तिथे एकच गाडी, एक ड्रायव्हरकाका, एक सिस्टर. दशांशबाईंचे घर पुलापलीकडेच होते.

कचेरीत नवे साहेब आले होते आणि नव्या साहेबांना काहीतरी बंद केल्याशिवाय आपण आल्यासारखे वाटत नव्हते. त्यांनी दशांशबाईंना बोलावून विचारले, "एक फेरी आपल्याला केवढ्याला पडते? फोन वाजल्यापासून रुग्ण इस्पितळात पोचेपर्यंत. कापसासकट."

असा हिशेब आजवर कोणी केलाच नव्हता. दशांशबाईंनी जुने आकडे काढून दाखवले, तेव्हा साहेबांची नजर एकाच ओळीवर खिळली. 'उभी राहिलेली गाडी.' पुलापलीकडची गाडी निम्मा दिवस नुसती उभी असते, हे वाचून साहेब हळहळले. त्यांनी लाल पेन्सिलीने त्या ओळीपुढे 'वाया' असे लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"फेरीचा खर्च मर्यादेच्या वर गेला तर ते केंद्र बंद," ते म्हणाले. "गाडी इकडे आणू. पूल ओलांडायला लागतो किती वेळ? मी रोज ओलांडतो."

"तुम्ही रोज रात्री जेवण झाल्यावर फिरायला जाता, साहेब."

"पूल तोच असतो ना?"

यावर बोलण्यासारखे पुष्कळ होते, पण ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हते. गेल्या वर्षी सासूबाईंना दम्याचा जोराचा झटका आला होता. त्या दिवशी ही 'वाया' गेलेली गाडी दशांशबाईंना पायातल्या चपला सापडायच्या आधी दारात आली होती. केंद्र बंद झाले तर पुढच्या झटक्याला काय होईल, हे तिला कोणी सांगायला नको होते. पण आकडे इकडचे तिकडे करायचे म्हटले की ती पेन्सिल खाली ठेवी. खोटे लिहिणे तिला जमत नव्हते आणि खरे लिहायची भीती वाटत होती.

त्यात मोजायचे कसे, हाही प्रश्न होताच. खऱ्या फेरीत बसून मोजायला सिस्टरने साफ नकार दिला. "माझा पेशंट गुदमरत असताना शेजारी बसून कापसाचे बोळे मोजणारी बाई मला गाडीत नको," ती म्हणाली. तेव्हा खोटा रुग्ण आणून खरी फेरी करायचे ठरले. खोट्या रुग्णाला पैसे द्यायला मंजुरी नव्हती, म्हणजे तो फुकट मिळायला हवा होता. फुकट आणि रिकामे असे माणूस दशांशबाईंच्या ओळखीत एकच होते.

बाबांनी नोकरी सांभाळून चाळीस वर्षे हौशी नाटक मंडळीत काढली होती. या चाळीस वर्षांत त्यांच्या वाट्याला एकही वाक्य आले नव्हते. कधी गर्दीत उभे राहिले, कधी कोणाचे छत्र धरले, पण त्यांचे खरे नाव झाले ते प्रेतांच्या कामात. रहस्यनाटकात पहिल्या अंकात ज्याचा खून होतो तो माणूस म्हणजे बाबा. एकदा एक माशी अख्खा अंक त्यांच्या नाकावर फिरत होती, तरी त्यांची पापणी हलली नव्हती. त्या दिवशी प्रेक्षकांनी माशीसकट त्यांना टाळ्या दिल्या, असे ते सांगत.

"घरीसुद्धा जेवण झालं की तीच तालीम असते," सासूबाई म्हणाल्या. "काही काम सांगितलं की तर हुबेहूब."

बाबांनी तिकडे दुर्लक्ष केले. त्यांनी सुनेचा तक्ता ओढून घेतला आणि निरखून पाहिला. त्यात दोन मोठे रकाने होते. एकदाच वापरायचे आणि पुन्हा वापरण्याजोगे. हातमोजे, कापूस, चिकटपट्टी पहिल्यात. स्ट्रेचर, पायाची फळी, गळ्याचा पट्टा दुसऱ्यात.

"आणि मी कुठल्या रकान्यात?"

"तुम्ही फुकट आहात, बाबा. तुम्हाला रकाना नाही."

बाबांचा चेहरा पडला. चाळीस वर्षांच्या तपश्चर्येनंतर जिवंत, बोलत्या माणसाची भूमिका मिळाली, तर तिची कुठे नोंदच नाही! दशांशबाईंना वाईट वाटले, पण कामे पुष्कळ होती. तिने बाबांना नीट समजावून सांगितले. छातीत किंचित जळजळ, एवढाच आजार. बाकी काही नाही. आणि मुख्य म्हणजे मी 'पडदा' म्हणेपर्यंत भूमिका सोडायची नाही. मधेच उठून बसलात तर सगळे मोजमाप पाण्यात जाईल.

"सूनबाई," बाबा गंभीरपणे म्हणाले, "माशीला विचार."

सकाळी सासूबाईंनी केंद्रात फोन लावला. "आमच्या ह्यांना बरं नाहीये. हो, छातीत. हो हो, हिशेबापुरतंच. या सावकाश."

गाडी आली. ड्रायव्हरकाका आणि सिस्टर दोघांनाही पक्के ठाऊक होते की आज आपल्या केंद्राचे भवितव्य या बाईच्या पेन्सिलीच्या टोकावर आहे. त्यामुळे दोघांनी काटकसरीचा चंगच बांधला होता. सिस्टरने दारातच दशांशबाईंच्या कानाशी लागून विचारले, "बाई, हातमोजा एकाच हातात घातला तर चालेल?"

"नेहमी करता तसं करा."

"नेहमी कोणी बघत नसतं हो."

सिस्टरने चिकटपट्टी उभी चिरून तिच्या दोन केल्या. कापसाचा बोळा इतका लहान घेतला की तो बाटलीच्या तोंडाशीच हरवला. तो शोधण्यात वेळ गेला, तो दशांशबाईंनी 'वेळ' या रकान्यात लिहिला.

पण काटकसर करणारे दोघे आणि उधळपट्टी करणारा एक, असा सामना होता आणि तो एक सगळ्यांना पुरून उरणारा होता. बाबा कोचावर पडून छातीत किंचित जळजळ करत होते. तेवढ्यात त्यांनी पाहिले की शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या आहेत. प्रेक्षक दिसल्याबरोबर जळजळीची कळ झाली. कळ डाव्या हातात उतरली. मग बाबांनी मान एका बाजूला टाकली आणि क्षीण आवाजात म्हणाले, "मान वळत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येतेय. आणि डावा पाय... डावा पाय माझा नाहीच जणू."

छातीला तारा लावाव्या लागल्या. मानेला पट्टा घालावा लागला. पायाला फळी बांधावी लागली, त्यात अख्खी बँडेजपट्टी गेली. दशांशबाईंची पेन्सिल धावत होती आणि आकडा फुगत होता.

"आजोबा," सिस्टर दात आवळून म्हणाली, "एकच काहीतरी घ्या ना हो!"

"आजार काय निवडून येतो का, पोरी?" बाबा कण्हले.

"बाबा, खर्च वाढतोय," दशांशबाई कुजबुजली.

"अगं, मला काही ऐकू येत नाहीये," बाबा म्हणाले. शेजारच्या बायका हळहळल्या. सासूबाई मात्र आत जाऊन कणीक मळू लागल्या.

एकदाची गाडी निघाली. ड्रायव्हरकाका इंधन वाचवायला इतके सावकाश चालले होते की मागून एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे गेला. उतार लागला तसे काकांनी इंजिनच बंद केले.

"काका, सायरन?"

"बॅटरी जळते हो बाई. समोरच्याला मी हातानंच सांगतोय." आणि ते खिडकीतून हात काढून 'सरका, सरका' करू लागले.

दशांशबाईंनी कपाळाला हात लावला. या चालीने रुग्ण इस्पितळात पोचेपर्यंत बरा होऊन गेला असता. तिने बेरीज करून पाहिली. काकांनी वाचवलेले सगळे बाबांच्या डाव्या पायाने खाल्ले होते.

आणि तेवढ्यात गाडीतला फोन वाजला.

सिस्टरने तो कानाला लावला आणि क्षणात ती वेगळीच बाई झाली. "कुठे? किती वेळ झाला? बोलता येतंय का त्यांना?" तिने फोन ठेवला. "काका, फिरवा. शाळेच्या कुंपणाला रंग देणारा रंगारी. मधमाश्या चावल्यात, घसा सुजत चाललाय. आपणच सगळ्यांत जवळ आहोत."

स्ट्रेचर एकच होते आणि त्यावर बाबा होते. वळणावर एका छत्री दुरुस्त करणाऱ्याचे दुकान होते, दारात लाकडी बाक होते. काकांनी करकचून ब्रेक मारला. "आजोबा, उतरा पटकन!"

बाबा उतरले नाहीत. त्यांचा डावा पाय त्यांचा नव्हता आणि ऐकूही येत नव्हते. शेवटी काकांनी आणि सिस्टरने त्यांना उचलून, फळी आणि पट्ट्यासकट, बाकावर आडवे केले. दशांशबाईही उतरू लागली, पण सिस्टरने तिचा दंड धरला. "तुम्ही चला. मला दोन हात कमी पडतील."

"बाबा, इथेच थांबा, आलेच!" एवढे बोलून तिने दार ओढून घेतले. बोलायचा होता तो एक शब्द मात्र बोलायचा राहिला.

मग गाडी अशी सुटली की दशांशबाई कापसाच्या खोक्यावर आदळली. सायरन वाजला, दिवे फिरले, इंधनाचा कोणी विचार केला नाही. मघाशी हाताने 'सरका' करणारे काका आता दोन बसगाड्यांच्या मधून असे निघाले की तिने डोळेच मिटून घेतले.

रंगारी कुंपणाशी बसला होता. ओठ सुजले होते, चेहरा लालबुंद झाला होता आणि श्वासाबरोबर शिटीसारखा आवाज येत होता. सिस्टरने दोन्ही हातांत मोजे घातले, सुई भरली, मांडीत टोचली, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला. "बाई, यांचा हात धरा. घट्ट."

दशांशबाईंनी हिशेबाची वही काखेत मारली आणि हात धरला. त्याने हिरव्या रंगाने माखलेल्या हाताने तिची बोटे इतकी आवळली की तिला ओरडावेसे वाटले. आपल्या तक्त्यात या इंजेक्शनला कुठला रकाना, हे तिला आठवेना आणि आठवावेसेही वाटेना. ती फक्त त्या माणसाच्या छातीकडे बघत होती आणि मनात म्हणत होती, घे रे बाबा, अजून एक श्वास घे.

पूल ओलांडता ओलांडता शिटी कमी झाली. इस्पितळाच्या दारात रंगाऱ्याने मुखवटा बाजूला केला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "कुंपणाची खालची पट्टी राहिलीय."

"गप पडून राहा," सिस्टर म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. "आणखी थोडा उशीर झाला असता ना, बाई, तर काही खरं नव्हतं."

दशांशबाईंनी वही उघडली. तक्त्यावर चार हिरवी बोटे उमटली होती. त्या बोटांखाली बाबांच्या डाव्या पायाचा खर्च होता. तेवढ्याने तिला आठवले आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले.

"अगं बाई! बाबा!"

"असतील हो चहा पीत," काका म्हणाले. "चला, आणू त्यांना."

पण परतताना पूल बंद होता. मधोमध गाद्यांनी भरलेला ट्रक बंद पडला होता, गाद्या अर्ध्या पुलावर सांडल्या होत्या आणि दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली होती. त्या रांगेत पुढे, त्यांच्याच मुख्य केंद्राची एक रुग्णवाहिका सायरन वाजवत अडकून पडली होती. तिच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊन कोणीतरी हात नाचवत ओरडत होते.

"साहेब!" काकांनी ओळखले. "आपण गुंतलेले होतो ना, म्हणून पलीकडचा फोन मुख्य केंद्राला गेला असणार. साहेब स्वतः निघालेत, पूल किती मिनिटांत ओलांडता येतो ते दाखवायला."

खरेच साहेबांच्या एका हातात वेळ मोजायचे घड्याळ होते. दुसऱ्या हाताने ते गाद्यांना बाजूला व्हायला सांगत होते. गाद्या ऐकत नव्हत्या.

"कोणीतरी फार गंभीर असणार हो," दशांशबाई कळवळून म्हणाली. "बिचाऱ्याचं काय होत असेल! देवा, वेळेवर पोचू दे रे त्यांना."

शेवटी गाड्यांतली माणसे उतरली आणि त्यांनी गाद्या वाहून बाजूला केल्या. रांग सरकली. साहेबांची गाडी पुढे, यांची मागे. पुढची गाडी शाळेच्या रस्त्याला लागली. यांनाही तिकडेच जायचे होते. ती वळणावर वळली. यांनाही तिथेच वळायचे होते. सिस्टरने दशांशबाईंकडे पाहिले. दशांशबाईंनी सिस्टरकडे पाहिले.

छत्रीवाल्याच्या दारात ही गर्दी जमली होती. बाकावर बाबा आडवे होते. त्यांच्यावर ऊन येऊ नये म्हणून छत्रीवाल्याने एक मोठी काळी छत्री उघडून लावली होती आणि कुणीतरी त्यांच्या हातात फुलेही ठेवली होती.

साहेब आपल्या सिस्टरची वाटही न पाहता गर्दीत घुसले होते. ते बाकाशी गुडघे टेकून बसले होते आणि बाबांचे मनगट धरून नाडी भलत्याच बाजूला शोधत होते.

"काही उपयोग नाही साहेब," छत्रीवाला डोळे पुसत म्हणाला. "मघाशीच गेले. मीच फोन केला होता तुम्हाला, तीनदा केला. आत्ता येते, आत्ता येते म्हणालात. आधी कळा येत होत्या, मग धाप लागली. पाणी दिलं तर घोटभर प्यायले. शेवटपर्यंत एकच म्हणत होते, 'सूनबाई येईल, सूनबाई सांगेल.' मग पायाला एक झटका दिला आणि संपलं. शांतपणे गेले बिचारे."

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांच्या हातातले घड्याळ अजून चालूच होते.

दशांशबाई गर्दी फोडून पुढे आली. हा माणूस गेली चाळीस वर्षे मरत आला आहे, हे तिला चांगले माहीत होते. पण जबडा किंचित उघडा, एक हात बाकाखाली लोंबतोय, ओठाच्या कोपऱ्यावर खरोखरच एक माशी, आणि पापणीही हलत नाही, हे पाहिल्यावर ते सगळे माहीत असणे कुठल्या कुठे गेले. आपण या म्हाताऱ्या माणसाला पायाला फळी बांधून रस्त्यावर टाकून गेलो. गळ्यात पट्टा, पोटात काही नाही, वर ऊन.

"बाबा!" तिचा आवाज फाटला. "बाबा, मी आलेय! उठा ना हो!"

बाबा उठले नाहीत.

"बाबा, माझं चुकलं! असं नका ना करू! आईंना काय सांगू मी?"

गर्दीतल्या दोन-चार जणांना हुंदका आवरेना. सिस्टरचेही डोळे भरून आले. आणि मग, तक्त्यात सुटलेला आकडा अचानक सापडावा तसे, दशांशबाईंच्या लक्षात आले. तिने नाक ओढले आणि एकदम बारीक आवाजात म्हटले, "पडदा."

प्रेताने डोळे उघडले. "किती उशीर, सूनबाई!" ते म्हणाले. "माशी आहे ओठावर. हाकल आधी."

गर्दी एका आवाजात किंचाळली आणि दोन पावले मागे सरली. साहेबांना मात्र सरता आले नाही, कारण ते प्रेताचे मनगट धरून बसले होते आणि आता प्रेतानेच उठायला आधार म्हणून त्यांचे मनगट धरले होते. साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग राखाडी, आणि ते होते तिथेच जमिनीवर बसले.

"छातीत धडधडतंय," ते म्हणाले. "डोळ्यांपुढे अंधारी... मान... माझे पाय कुठे आहेत?"

"साहेब," सिस्टरने रक्तदाब मोजायचा पट्टा काढत नकळत म्हटले, "एकच काहीतरी सांगा."

"हे सगळं माझं आहे," बाबा कुरकुरले. "सकाळीच करून झालंय." तरी त्यांनी मोठ्या मनाने बाक रिकामे करून दिले. साहेबांना त्यावर आडवे केले, छत्री त्यांच्यावर सरकवली, आणि छत्रीवाल्याने बाबांच्या हातातली फुलेही सवयीने साहेबांच्या छातीवर ठेवली. ती सिस्टरने लगेच उचलली.

दशांशबाई पायरीवर बसून मोठ्याने रडली. मग उठली आणि लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांना जे कधीच बोलली नव्हती ते सगळे बोलली. बाबांनी ऐकून घेतले.

"पण अगं, मी तरी किती वेळ आजारी राहणार?" ते शेवटी म्हणाले. "पडदा म्हणायला तू नव्हतीस. कळा देऊन झाल्या, धाप लावून झाली, गाडी काही येईना. एवढ्या वेळात खरा माणूस जगलाच नसता. मग मी मेलो. तसंच जिवंत राहणं खोटं वाटलं असतं."

हे बोलणे बाकावरच्या साहेबांनी ऐकले. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि हळूच ते बंद केले.

दुसऱ्या दिवशी दशांशबाई तक्ता घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. रात्रभर तिने प्रामाणिकपणे बेरजा केल्या होत्या, आणि प्रामाणिक आकडा मर्यादेच्या वर गेला होता. थोडासाच, पण वर. तिने तो तसाच लिहिला होता. खाली मात्र नवी एक ओळ होती: 'मुख्य केंद्रातून गाडी पाठवल्यास.' त्यापुढे साहेबांच्याच घड्याळातली वेळ, आणि पुढच्या रकान्यात, 'परिणाम: रुग्ण मृत.'

साहेब खवळले. "हे काय? तो माणूस खोटा मेला होता!"

"हो साहेब," दशांशबाई खाली मान घालून म्हणाली, "पण तुम्ही खरंच उशिरा आलात."

साहेबांनी तक्ता जवळ ओढला. हिरव्या बोटांवरून त्यांनी अंगठा फिरवला. "हे काय सांडलंय?"

"रंगारी आहे साहेब. काल वाचला तो. आमची गाडी उभी होती म्हणून."

खरे तर ती उतारावर इंजिन बंद करून चालली होती, पण तेवढे तपशील साहेबांनी विचारले नाहीत. त्यांनी लाल पेन्सिल उचलली. 'उभी राहिलेली गाडी' या ओळीपुढचा 'वाया' हा आपलाच शब्द खोडला. त्या जागी काय लिहावे हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी नुसती सही केली. "राहू दे केंद्र," ते म्हणाले. "मर्यादेचं मी बघतो. आणि हे बघा, बाकीच्या केंद्रांचाही असाच हिशेब लावायचाय. पुढच्या महिन्यापासून. रुग्ण तेच पाहिजेत. ते... तुमचे सासरे." एवढे बोलून त्यांनी साहित्याच्या यादीच्या शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली.

संध्याकाळी बाबांनी तो कागद चष्मा लावून, चष्मा काढून आणि पुन्हा चष्मा लावून वाचला. त्यावर लिहिले होते: 'रुग्ण, मृत्यूसह. नग एक. पुन्हा वापरण्याजोगा.'

बाबांचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे काम कोणी कागदावर घेतले होते. तो कागद त्यांनी सासूबाईंपुढे धरला. सासूबाईंनी तो सावकाश वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली, आणि सुनेला म्हणाल्या, "पुन्हा वापरण्याजोगा? मग साहेबांना विचारून ठेव बाई, मधल्या वेळात घरी वापरला तर चालेल का. माळ्यावरचे डबे खाली काढायचेत."

बाबांनी तत्काळ कोचावर अंग टाकले, मान कलती केली आणि डोळे मिटले. सूनबाईने 'पडदा' म्हणून पाहिले. मग सासूबाईंनीही म्हणून पाहिले. पण या खेपेला बाबा पुरतेच गेलेले होते.